बॅटरी, बोया आणि सूर्य

होडीला वीज कशाला लागते? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. पहिले उत्तर बहुधा 'दिव्याला' असे येईल, आणि ते बरोबरच आहे. रात्री प्रत्येक नौकेला डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा लावावा लागतो. समोरून येणाऱ्या जहाजाला आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे त्यावरूनच कळते. पण यादी एवढ्यावर संपत नाही. वायरलेस, जीपीएस, माशांचा थवा दाखवणारे यंत्र, तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप, आणि इंजिन असले तर ते सुरू करणारा स्टार्टर, हे सारे एका बॅटरीवर चालते.

रस्त्यावर जीपची बॅटरी बसली तर चार माणसे धक्का मारतात. भर समुद्रात बॅटरी बसली तर धक्का कोण मारणार? इंजिन सुरू होत नाही, वायरलेस मुका होतो, आणि दिवे विझल्यामुळे मोठ्या जहाजाला आपली होडी दिसतही नाही. म्हणून 'बॅटरी भरलेली ठेवणे' हा दर्यावर्दी माणसाच्या दृष्टीने जिवाचा प्रश्न आहे.

आज अनेक लहान नौकांच्या टपावर एक काळीनिळी पाटी दिसते. दिवसभर ऊन खात ती बॅटरी भरत राहते. हे आता इतके साधे वाटते की, त्यात इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. पण या जोडीतली बॅटरी १८५९ सालची आणि पाटी १९५४ सालची. दोघींची गाठ पडली ती सरळ होडीवर नव्हे. टेलिफोनचा खांब, कृत्रिम उपग्रह आणि बंदरातला बोया असा मोठा वळसा घेऊन ही पाटी होडीवर आली. तिने तो वळसा का घेतला हे आपण पाहू. महाग वस्तू आपल्या बाल्यावस्थेत कशी तगून राहते, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

किनाऱ्याला बांधलेली वीज

विजेवर चालणारी होडी पेट्रोलच्या होडीहून जुनी आहे. १८३८ साली मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेच्या मोटरवर होडी चालवून दाखवली. पुढल्या वर्षी त्याने ग्रोव्हचे घट वापरून हा प्रयोग सुधारला. हे घट म्हणजे आजच्या भाषेत 'प्राथमिक घट' होते. त्यातले जस्त झिजले की वीज संपली. टॉर्चमधले सेल आपण वापरून टाकून देतो, तसाच हा प्रकार. कोळसा जाळून वाफ करण्यापेक्षा जस्त 'जाळून' वीज करणे फार महाग पडे.

पुन्हा भरता येईल असा घट १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्टे याने बनवला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विद्युतरोधक पट्ट्या, सगळ्याची गुंडाळी करून ती सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. आपल्या स्कूटरची, ट्रकची, होडीची बॅटरी मूळ तत्त्वाने आजही हीच आहे. गंमत अशी की, प्लान्टेला हा घट भरायला जस्ताचे प्राथमिक घटच वापरावे लागले, कारण उपयोगी पडेल असा डायनामो तेव्हा नव्हता. साठवायची सोय झाली, पण भरायची सोय व्हायला आणखी काही वर्षे गेली.

१८८१ साली कामीय फॉर याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन बॅटरीची क्षमता खूपच वाढवली. लगेच पुढल्या वर्षी, १८८२ मध्ये, लंडनच्या थेम्स नदीवर अशा ४५ घटांवर चालणारी 'इलेक्ट्रिसिटी' नावाची नौका धावली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर पन्नासहून अधिक विजेच्या होड्या प्रेक्षकांना फिरवत होत्या. धूर नाही, आवाज नाही, तेलाचा वास नाही. लोक खूष होते.

तरीही पुढल्या काही वर्षांत पेट्रोल इंजिनाने या होड्यांना मागे सारले. कारण उघड होते. विजेची होडी किनाऱ्याला दोरीने बांधल्यासारखी होती. बॅटरी संपायच्या आत तिला डायनामो असलेल्या धक्क्यावर परत यावेच लागे.

ही दोरी तोडायची तर होडीवरच वीज तयार व्हायला हवी. नान्सेनच्या 'फ्राम' या जहाजावर, १८९३ ते १८९६ च्या ध्रुवीय मोहिमेत, डायनामो फिरवायला एक पवनचक्की बसवलेली होती. बर्फात अडकलेल्या जहाजाला वारा दिवे लावून देत होता. पण हे अपवादच. सर्वसाधारण रीत ठरली ती अशी: इंजिन चालवायचे, त्याला जोडलेल्या डायनामोने बॅटरी भरायची. शिडाच्या नौकासुद्धा केवळ बॅटरी भरण्यासाठी रोज तास-दोन तास इंजिन चालवू लागल्या.

बॅटरी मरते कशी?

इथे थोडे रसायनशास्त्र हवे. भरलेल्या बॅटरीत एका पट्टीवर शिसे असते, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, आणि मध्ये गंधकाम्ल. वीज काढत गेलो की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होते. म्हणूनच गॅरेजमधला माणूस हायड्रोमीटर बुडवून बॅटरीची तब्येत सांगू शकतो. भरलेल्या बॅटरीतल्या द्रवाची विशिष्ट घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास असते, रिकामीची १.१२ पर्यंत उतरते.

नुकतेच बसलेले सल्फेट बारीक कणांचे असते. उलट दिशेने प्रवाह सोडला की ते सहज विरघळते. पण बॅटरी तशीच अर्धवट रिकामी पडून राहिली, तर काही आठवड्यांत या बारीक कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात. मग ते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिशाच्या बॅटऱ्या वापराने मरतात, त्याहून जास्त अशा उपासमारीने मरतात. बरे, काही वापर नसला तरी बॅटरी आपोआप उतरत जाते. जुन्या पद्धतीची, पाणी घालायची बॅटरी महिन्याला पाच टक्के किंवा त्याहून अधिक उतरते, आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो.

आता इंजिनाकडे पाहू. रिकामी बॅटरी आधी भराभर प्रवाह घेते. साधारण ऐंशी टक्के भरली की ती हात आखडता घेते. प्रवाह कमी कमी होत जातो. उरलेले वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात. म्हणजे शेवटी दोन-चार अँपिअरसाठी वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन धडधडत ठेवायचे! कोण ठेवील? नावाडी तासाभराने इंजिन बंद करतो, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर राहते, आणि ते वरचे वीस टक्के सल्फेट हळूहळू कठीण होत जाते.

या रोगाला औषध म्हणून काय हवे? जोर नको, सातत्य हवे. दिवसाचे पाचसहा तास, रोज, कोणी पाहत नसतानाही, थेंबाथेंबाने येणारा प्रवाह हवा. सूर्यप्रकाशाचा स्वभाव नेमका असाच आहे. पण ज्यांनी सौरघट बनवला त्यांच्या डोक्यात होडी नव्हती.

दमट हवा आणि टेलिफोन

१९५० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेपुढे एक साधी अडचण होती. दूरच्या, उष्ण आणि दमट प्रदेशांत टेलिफोनसाठी वापरलेले कोरडे घट लवकर खराब होत. डॅरिल चेपिन याच्याकडे दुसरा मार्ग शोधण्याचे काम आले. त्याने आधी सेलेनियमचे प्रकाशघट तपासले. पडलेल्या उन्हापैकी एक टक्कासुद्धा वीज त्यातून मिळेना. त्याच प्रयोगशाळेत कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन सिलिकॉनवर काम करत होते. तिघांनी मिळून जो सिलिकॉनचा सौरघट बनवला, तो २५ एप्रिल १९५४ रोजी जगापुढे मांडण्यात आला. कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के.

पुढल्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या गावी टेलिफोनच्या खांबावर सौरघटांची पाटी चढली. ती दिवसा बॅटरी भरी आणि त्या बॅटरीवर रात्रंदिवस टेलिफोनची यंत्रणा चाले. आज होडीवर आहे तीच रचना! प्रयोग यशस्वी झाला, पण हिशेब जुळला नाही. एका वॅटला सुमारे ३०० डॉलर पडत होते. जिथे विजेची तार नेता येते, तिथे एवढे पैसे कोण घालणार?

म्हणून पाटी प्रथम तिथे गेली, जिथे तार नेताच येत नाही. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने 'व्हॅनगार्ड-१' हा दीड किलोहून कमी वजनाचा उपग्रह सोडला. त्यावर दोन प्रक्षेपक होते, एक नुसत्या बॅटरीवर आणि दुसरा सौरघटांवर. बॅटरीवरचा जूनमध्ये मुका झाला. सौरघटांवरचा १९६४ च्या मे महिन्यापर्यंत बोलत राहिला. उपग्रहाची बॅटरी बदलायला कोणी जाऊ शकत नव्हते, त्यामुळे सौरघटाची किंमत कोणी विचारली नाही.

सूर्य दिवा विझवत होता तेव्हा

पृथ्वीवर उपग्रहासारखी एकाकी जागा कोणती? समुद्र. बंदराच्या वाटेवर, खडकाजवळ, उथळ जागी तरंगते बोये नांगरून ठेवलेले असतात. त्यांच्यावरचा दिवा विझला तर जहाज खडकावर जाऊ शकते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दिव्यांत ॲसिटिलीन वायू जळे. वायू पुरवून वापरावा म्हणून स्वीडनच्या गुस्ताफ दालेन याने एक सुंदर झडप बनवली. तिच्यात एक काळा दांडा आणि त्याच्याभोवती चकचकीत दांडे होते. उजाडले की काळा दांडा जास्त उष्णता शोषून जास्त प्रसरण पावे आणि वायूची वाट बंद करी. अंधार पडला की वाट पुन्हा मोकळी होई. ना घड्याळ, ना माणूस. दालेनला १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसरणाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. या झडपेत सूर्य दिवा विझवण्याचे काम करी. दिवा पेटवायला लागणारी ऊर्जा मात्र टाकीतून येई, आणि टाकी भरायला बोट पाठवावी लागे.

पुढे अनेक ठिकाणी वायूची जागा प्राथमिक घटांनी घेतली. तरी बोटीची फेरी काही टळली नाही. दिवा असतो काही वॅटचा, पण त्याचे घट बदलायला खवळलेल्या समुद्रात माणसे जातात, आणि एका फेरीचा खर्च दिव्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. जपानमध्ये असंख्य बेटे आणि वादळी समुद्र. तिथल्या शार्प कंपनीने १९६० नंतरच्या दशकात समुद्रातल्या दिव्यांकडे लक्ष वळवले. १९६६ साली नागासाकी प्रांतातल्या ओगामी बेटावरच्या दीपगृहाला २२५ वॅटची सौर पाटी बसली. आज आपल्याकडे गावातल्या एका घरावरही याहून मोठी पाटी असते, पण त्या काळी ही जगातल्या सर्वांत मोठ्या पाट्यांपैकी होती.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींचे चौथरे समुद्रात उभे होते. त्यांच्यावर इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे लावणे सक्तीचे होते. त्यांचे अवजड घट संपले की नवे आणायचे आणि जुने बहुतेक वेळा सरळ समुद्रात लोटून द्यायचे, अशी रीत होती. १९७० नंतर एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनिक उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या घेतल्या, उपग्रहासाठी लागणारी झिलई वगळली, आणि वॅटची किंमत सुमारे १०० डॉलरवरून २० डॉलरवर आणली. घरच्या विजेपुढे वीस डॉलरही फारच महाग होते. पण बोटीच्या फेऱ्यांच्या तुलनेत ती चैन नव्हती, बचत होती. काही वर्षांतच आखातातले दिवे सूर्यावर चालू लागले. १९८० नंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलानेही आपले बोये सौरऊर्जेवर नेले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. नवे तंत्र जुन्याहून सर्वत्र स्वस्त व्हावे लागत नाही. जिथे जुने तंत्र सर्वांत महाग पडते अशी एक जागा सापडली, तरी ते जगते आणि तिथे सुधारत जाते. खारे पाणी, वारा, पक्ष्यांची विष्ठा, लाटांचे हेलकावे हे सारे सोसणारी पाटी कशी बनवायची, ते या बोयांवर शिकायला मिळाले.

होडीवरचे गणित

बोयावर तगलेली पाटी होडीवर यायला मग फारसा वेळ लागला नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेल्या जुन्या पाटीत बहुधा ३६ सौरघट एकापुढे एक जोडलेले दिसतात. छत्तीसच का? हा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे.

चालू स्थितीत सिलिकॉनचा एक घट सुमारे ०.५ व्होल्ट देतो. छत्तीसांचे झाले १८ व्होल्ट. उन्हात पाटी तापते. तापमान एक अंशाने वाढले की प्रत्येक घटाचे सुमारे ०.००२ व्होल्ट कमी होतात. पाटी २५ अंशांवरून ५५ वर गेली, तर ३६ × ०.००२ × ३० म्हणजे २.१६ व्होल्ट गेले. रात्री पाटी वीज देत नाही, उलट बॅटरीतून थोडी वीज मागे पाटीत वाहू शकते. ते थांबवायला मध्ये डायोड घालतात. विहिरीच्या पंपाला पाणी मागे येऊ नये म्हणून फुटव्हॉल्व्ह असतो, तसेच त्याचे काम. तो सुमारे ०.६ व्होल्ट खातो. उरले १५ च्या थोडे वर. बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. म्हणजे अगदी बेताचे, पण पुरेसे! मोठी पाटी असेल तर बॅटरी भरल्यावर प्रवाह रोखणारा नियंत्रकही लागतो. नाहीतर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि बॅटरी सुकते.

होडीवर आणखी एक शत्रू असतो, सावली. घट एकापुढे एक जोडलेले असल्याने सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. पाण्याची नळी एका जागी चिमटली तर सगळीच धार बारीक होते. तसेच डोलकाठीची किंवा दोराची सावली एका घटावर पडली, तरी सगळ्या पाटीची वीज घटते. त्यासाठी बगलमार्ग देणारे डायोड बसवतात. तरीही पाटीची जागा निवडणे हे होडीवरचे पहिले शहाणपण आहे.

दिव्यापासून मोटरपर्यंत

बॅटरी नुसती भरलेली ठेवणे वेगळे आणि त्या विजेवर होडी हाकणे वेगळे. पण तेही झाले. १९७५ साली इंग्लंडात ॲलन फ्रीमन याने सौरऊर्जेवर छोटी होडी चालवली. १९८५ साली जपानच्या केनिची होरी याने एकट्याने सौर नौकेतून हवाईहून चिचिजिमा बेट गाठले. २००६-०७ मध्ये 'सन-२१' ने अटलांटिक महासागर पार केला. २७ सप्टेंबर २०१० रोजी मोनाकोहून निघालेली 'ट्युरानॉर प्लॅनेटसोलर' ही नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून ४ मे २०१२ रोजी तिथेच परतली. तिच्यावर ५३७ चौरस मीटर सौरघट होते आणि पोटात काही टन वजनाच्या लिथियमच्या बॅटऱ्या.

रोजच्या कामाचे उदाहरण मात्र आपल्याच देशात आहे. केरळात वैक्कम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर नौका सुरू झाली. टपावर २० किलोवॅटच्या पाट्या, आणि पोटात लिथियमच्या बॅटऱ्या. या बॅटऱ्या दिवसा ऊन भरते आणि जोडीला रात्री धक्क्यावरची वीजही भरते. थेम्सवरच्या नौकेची दोरी इथेही पूर्ण तुटलेली नाही, पण खूप लांब झाली आहे. शिवाय याच मार्गावरच्या डिझेलच्या होडीला रोज तेल विकत घ्यावे लागते, तसे इथे नाही.

कोकणातल्या शाळांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. त्यातली बॅटरी दोन महिने तशीच पडून राहिली तर काय होईल, हे आता विद्यार्थी सांगू शकतील. तिला किती मोठी पाटी पुरेल? बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल आणि महिन्याला पाच टक्के उतरत असेल, तर रोजची तूट ५ भागिले ३०, म्हणजे सुमारे ०.१७ अँपिअर-तास. पाच वॅटची छोटी पाटी चांगल्या उन्हात सुमारे ०.३ अँपिअर देते. आभाळ भरलेले असल्यामुळे दिवसाकाठी चांगल्या उन्हाचा एकच तास मिळाला असे धरले, तरी ०.३ अँपिअर-तास मिळतात. म्हणजे तूट भरून निघून थोडे उरतेही. पाटी मात्र झापांच्या खाली नको, वर हवी.

शाळेत करून पाहायचे असेल तर एक छोटी पाटी आणि मल्टिमीटर एवढे पुरे. पाटी उन्हात धरून व्होल्ट आणि अँपिअर मोजा. ती दहा मिनिटे तापू द्या आणि व्होल्ट पुन्हा मोजा. मग पुठ्ठ्याच्या तुकड्याने एकच घट झाका आणि अँपिअर किती पडतात ते लिहून ठेवा. ढगाळ दिवशी हीच मोजमापे पुन्हा घ्या. बॅटरी जोडायची असेल तर शिक्षकांनी स्वतः समोर उभे राहावे. आत आम्ल असते, भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ ज्योत नको आणि खोली हवेशीर हवी. होड्यांच्या गावात शाळा असेल तर मुलांना एक प्रश्न घरी न्यायला द्या. गेल्या पाच वर्षांत आपल्या होडीच्या किती बॅटऱ्या बदलल्या, आणि त्यातल्या किती पावसाळ्यानंतर लगेच? आलेल्या उत्तरांचा तक्ता वर्गात लावा.